जेवायला बसणारा मोठा की वाढणारा?

आमच्या गल्लीत गणपतीत एक दिवस महाप्रसाद असतो. इंदुरात आता बहुतेक ठिकाणी हातात ताट घेऊन उभ्यानं जेवायची पद्धत आली, पण आमच्याकडे अजून सतरंज्या अंथरून पंगत बसते. पुरी, बटाट्याची रस्साभाजी, वरणभात, बुंदी. आमचं घर ख्रिस्ती, तरी वरणाची बादली गेली कित्येक वर्षं माझ्याकडेच असते. मागच्या वर्षी दोन पंगतींच्या मध्ये शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय रे, तुमच्या चर्चमध्ये फादर लोकांचे पाय धुतात ना? एवढा मोठा माणूस, आणि पाय धुतो? ते कशासाठी?"

तिसरी पंगत बसत होती. मी बादली उचलली आणि "नंतर सांगतो" म्हणालो. ते नंतरचं उत्तर हे असं. काकूंसारख्याच ज्यांना हा प्रश्न पडला असेल त्यांच्यासाठीही.

पाय धुण्याचा तो विधी ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी असतो. आमच्याकडे मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, हिंदीत होते म्हणून इथले लोक त्याला पुण्य बृहस्पतिवार म्हणतात. घरी मराठीत आम्ही पवित्र गुरुवार म्हणतो. दुसऱ्या दिवशी येशूला क्रुसावर दिलं, त्याच्या आदल्या रात्रीची ही आठवण. पण तो विधी समजायचा असेल तर सुरुवात पायांपासून करून चालत नाही. सुरुवात एका भांडणापासून करावी लागते.

येशूचे बारा शिष्य आपापसांत मोठं कोण यावरून भांडत, आणि एकदा नव्हे. कफर्णहूमला जाताना वाटेत भांडले. घरी पोचल्यावर येशूनं विचारलं, वाटेत कसली चर्चा चालली होती? तेव्हा सगळे गप्प. पुढे याकोब आणि योहान हे दोघे भाऊ त्याच्याकडे आले आणि म्हणाले, तुझं राज्य येईल तेव्हा एकाला उजवीकडे बसव, एकाला डावीकडे. मार्कच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्यानं लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, हे दोघे स्वतः मागतात. मत्तयच्या शुभवर्तमानात त्यांची आई येऊन मागते. (ती आई मला फार ओळखीची वाटते. मुलांच्या जागेसाठी शब्द टाकायला आलेली आई कुठल्या गावात नसते?) बाकीचे दहा जण संतापले. त्यांना मागणी चुकीची वाटली असं काही दिसत नाही, ती आपल्या आधी दुसऱ्यांनी केली हे झोंबलं असावं. आणि लूक हा आणखी एक शुभवर्तमानकार तर सांगतो की शेवटच्या भोजनाच्या वेळीही, गुरूच्या मरणाला काही तास उरलेले असताना, हाच वाद पुन्हा निघाला.

येशूनं दिलेल्या उत्तरात एक गोष्ट आपल्या नजरेतून सहज सुटते. मोठं व्हायची इच्छा धरू नका, असं तो म्हणत नाही. तो म्हणतो, तुमच्यात ज्याला मोठं व्हायचंय त्यानं इतरांचा सेवक व्हावं. ज्याला पहिलं व्हायचंय त्यानं सगळ्यांचा दास व्हावं. ओढ तशीच ठेवली, तिची दिशा मात्र बदलली.

इथला 'सेवक' हा शब्द मराठीत आपली थोडी फसवणूक करतो. सेवा हा शब्द आपण फार वर नेऊन ठेवला आहे. देवाची सेवा, देशसेवा, समाजसेवा. मग समाजसेवकाचा सत्कार, शाल, श्रीफळ. मूळ ग्रीक शब्द आहे दियाकोनोस. त्याचे अर्थ बरेच आहेत, पण रोजच्या वापरातला अगदी साधा अर्थ म्हणजे इतर जेवायला बसलेले असताना उभं राहून वाढणारा. म्हणजे आपला वाढपी. शेवटच्या भोजनातला वाद मिटवताना येशू हेच चित्र घेतो: जेवायला बसलेला मोठा की वाढणारा? बसलेलाच ना? पण मी तुमच्यात वाढणारा आहे.

आता वाढपी डोळ्यांसमोर आणा. त्याचं पान मांडलेलं नसतं. मुख्य म्हणजे त्याचं लक्ष स्वतःकडे नसतं, त्याची नजर पंगतीवरून फिरत असते. कोणाचं पान रिकामं, कोण लाजून मागत नाहीये, टोकाला बसलेल्या म्हाताऱ्या आजोबांना पुरी चावत नसेल तर भात आधी न्यायला हवा. मी बादली घेऊन फिरतो तेव्हा माझा अनुभव असा आहे की त्या तासाभरात मी नम्र आहे की गर्विष्ठ हा विचारच मनात येत नाही. त्याला जागाच उरत नाही. ख्रिस्ती परंपरा ज्याला नम्रता म्हणते ती मला इथे सगळ्यांत नीट कळते. मी कोणीच नाही, मी पापी, मी तुच्छ, असं घोकत बसणं म्हणजे नम्रता नव्हे. त्यातही सारं लक्ष आपल्याच पानावर असतं.

दुसरा शब्द दास. तो आणखी खाली जातो, कारण वाढपी काम संपवून घरी जातो, दास जाऊ शकत नाही. पहिल्या शतकातल्या रोमी साम्राज्यात दास ही मालकाची मालमत्ता होती. असा शब्द मोठेपणाच्या व्याख्येत घालणं ऐकणाऱ्यांच्या कानाला किती खुपलं असेल, याचा आज अंदाजही येत नाही.

कफर्णहूमच्या घरात त्यानं एक लहान मूल उचलून मध्ये उभं केलं आणि म्हणाला, माझ्या नावानं अशा मुलाला जो जवळ करतो तो मला जवळ करतो. आपण याचा अर्थ मुलांची निरागसता असा लावतो, कारण आपल्याला मुलं गोड वाटतात. त्या काळाचा हिशेब निराळा होता. रोमी कायद्यात मूल पूर्णपणे बापाच्या सत्तेखाली असे; नको असलेलं तान्हं मूल उघड्यावर टाकून देण्याची प्रथाही होती. मूल म्हणजे ज्याच्याकडे वशिला नाही, ज्याचं आदरातिथ्य केल्यानं आपली पत वाढत नाही, जे परतफेड करू शकत नाही असं माणूस. अशाला उठून पाट द्या, असं तो सांगत होता.

त्याच शेवटच्या रात्री तो आणखी एक वाक्य बोलला. परराष्ट्रांचे राजे लोकांवर सत्ता गाजवतात आणि वर स्वतःला उपकारकर्ते म्हणवून घेतात. ही टीका हवेतली नव्हती. इजिप्तच्या तिसऱ्या टॉलेमी राजाची पदवीच युएर्गेतेस, म्हणजे उपकारकर्ता, अशी होती. हे वाचताना इंदूरच्या माणसाला अहिल्याबाई आठवल्याशिवाय राहत नाहीत. राज्य शंकराचं, आपण फक्त सांभाळणारे, या भावनेनं त्यांच्या हुकुमांवर 'श्री शंकर' असं लिहिलं जाई, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. धर्म वेगळा, काळ वेगळा. पण उपकारकर्ता म्हणवून घेणं आणि सांभाळणारा म्हणवून घेणं यांतलं अंतर समजायला हे उदाहरण मला पुरतं.

आता पाय. हा प्रसंग फक्त योहानाच्या शुभवर्तमानात आहे, तेराव्या अध्यायात. लोक अनवाणी किंवा साध्या चपलांनी धुळीच्या रस्त्यांवरून चालत, त्याच रस्त्यांवर जनावरंही चालत. घरी आलेल्याला पाय धुवायला पाणी द्यायची रीत होती, पण दुसऱ्याचे पाय प्रत्यक्ष धुणं हे दासाचं काम. यहूदी दासालाही हे काम सांगू नये, असं एक मत जुन्या यहूदी ग्रंथांत नोंदलेलं आहे, इतकं ते खालचं मानलं जाई. येशू जेवता जेवता उठला. वरचा झगा काढून ठेवला, कमरेला रुमाल बांधला, भांड्यात पाणी घेतलं आणि एकेकाचे पाय धुऊन त्या रुमालानं पुसू लागला. यहूदा इस्कर्योत अजून तिथेच होता. काही वेळानं तो उठून गुरूला पकडून द्यायला जाणार होता, आणि हे येशूला माहीत होतं असं योहान लिहितो. त्याचेही पाय धुतले गेले. या एका तपशिलापाशी मी दर वर्षी थांबतो.

पेत्र या शिष्यानं मात्र पाय मागे घेतले. प्रभू, तू माझे पाय धुणार? कधीच नाही. त्यावर येशूचं उत्तर कडक आहे: मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. पेत्राकडे शेवटी परत येऊ.

काकूंना मी एवढं सांगितलं असतं तर त्या नक्की म्हणाल्या असत्या, अरे, आमच्या कृष्णानं राजसूय यज्ञात उष्ट्या पत्रावळी उचलल्याच की. खरंच आहे. ज्या यज्ञात अग्रपूजेचा मान त्याचा, त्याच यज्ञात उष्टी काढायचं काम त्यानं मागून घेतलं, ही गोष्ट ज्या समाजात आजी नातवंडांना सांगते त्याला येशूचं पाय धुणं परकं वाटायचं कारण नाही. वारीत एकमेकांच्या पाया पडणाऱ्या वारकऱ्यांना तर नाहीच नाही. मला दिसणारा फरक एवढाच की ख्रिस्ती श्रद्धेत हे खाली येणं एका प्रसंगापुरतं राहत नाही. पहिल्या पिढीतला ख्रिस्ती प्रचारक पौल यानं फिलिप्पै इथल्या मंडळीला तुरुंगातून पत्र लिहिलं, त्यात एक जुनं स्तोत्र वाटावं असा भाग आहे. ख्रिस्त देवाच्या स्वरूपाचा असूनही त्या बरोबरीला चिकटून राहिला नाही, त्यानं स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं, आणि मरणापर्यंत, क्रुसावरच्या मरणापर्यंत खाली गेला. क्रूस ही दासांना आणि बंडखोरांना द्यायची शिक्षा होती. रोमी नागरिकाला सहसा ती देत नसत. मग पुढची ओळ: म्हणूनच देवानं त्याला अत्युच्च केलं. 'तरीही' असं पौल लिहीत नाही, 'म्हणून' असं लिहितो. देव मोठा असूनही खाली वाकला, एवढंच सांगून तो थांबत नाही. देवाचं मोठेपण कसं असतं ते वाकण्यात दिसलं, असा त्याचा दावा आहे. ख्रिस्ती धर्मातलं हे सगळ्यांत अवघड वाक्य आहे असं मला वाटतं.

ग्रीक कानांना ते आणखी अवघड गेलं असणार. नम्र या अर्थानं पौलानं जो शब्द वापरला त्याचा रोजचा अर्थ होता हलका, क्षुद्र, दबलेला. भल्या माणसाचा गुण म्हणून तो सहसा कोणी मोजत नसे. अॅरिस्टॉटलनं थोर मनाच्या माणसाचं वर्णन केलं आहे, त्यात असा माणूस उपकार करतो, पण स्वतःवर उपकार झाले की त्याला लाज वाटते, कारण देणारा वरचा आणि घेणारा खालचा. याच वृत्तीच्या जगात कोणी तरी म्हणत होतं की सगळ्यात वरचा तो, ज्याच्या कमरेला रुमाल आहे.

बोलणं सोपं होतं. पहिल्या ख्रिस्ती मंडळीत ते लगेच कसाला लागलं, आणि तेही पंगतीवरूनच. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात यरुशलेममधली तक्रार आहे: रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतं, इब्री बोलणाऱ्यांना नीट मिळतं. आपल्या भाषेत हा सरळ सरळ पंक्तिभेद. त्यावर सात जण निवडले गेले, आणि त्यांची नावं पाहिली तर सातही ग्रीक आहेत. मला यातला शहाणपणा फार आवडतो. ज्यांच्या पानात पडत नव्हतं, पळी त्यांच्या बाजूच्या माणसांच्या हातात दिली. त्या सातांतला स्तेफन हा पुढे ख्रिस्ती धर्माचा पहिला हुतात्मा झाला. काही वर्षांनी करिंथ या ग्रीक शहरात पुन्हा तेच. प्रभुभोजनाला, म्हणजे त्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत एकत्र जेवायला, श्रीमंत लवकर येऊन जेवून घेत आणि कष्टकरी येईपर्यंत काही उरत नसे. पौलानं त्यांना झापलं: हे तुम्ही प्रभूचं भोजन करतच नाही.

पुढची दोन हजार वर्षं मी भराभर सांगतो, कारण त्यांत चढउतार फार आहेत. सहाव्या शतकात बेनेडिक्ट या संन्याशानं मठांसाठी जी नियमावली लिहिली तीत स्वयंपाकघराची पाळी सगळ्यांना होती, आणि आठवड्याची पाळी संपवणारा व सुरू करणारा असे दोघं मिळून शनिवारी सगळ्यांचे पाय धूत. त्याच शतकाच्या अखेरीस पोप झालेल्या पहिल्या ग्रेगरीनं स्वतःला 'देवाच्या सेवकांचा सेवक' म्हणवलं. ती पदवी पोप आजही वापरतात. पण पदवी नम्र असली म्हणून दरबार नम्र राहत नाही, आणि मध्ययुगातल्या कित्येक पोपांचा थाट राजांना लाजवणारा होता हेही सांगायला हवं. इंग्लंडचे राजे या गुरुवारी गरिबांचे पाय धूत. पुढे धुणं बंद पडलं, नाणी वाटणं राहिलं. तेराव्या शतकात असिसीच्या फ्रान्सिसनं आपल्या संघाला 'लहान भाऊ' असं नाव दिलं आणि प्रमुखाला मिनिस्टर म्हणायला सांगितलं. लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थ सेवक, आणि त्याचं मूळ 'कमी' या अर्थाच्या शब्दात आहे. आज मिनिस्टर म्हटलं की आपल्याला लाल दिवा आठवतो. इंदूरच्या धर्मप्रांताचं मुख्य चर्च याच फ्रान्सिसच्या नावाचं आहे. २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी निवडून आल्यावर दोनच आठवड्यांत रोममधल्या बालसुधारगृहात जाऊन बारा मुलामुलींचे पाय धुतले. त्यांत मुली होत्या, मुसलमान होते. तोवर नियमाप्रमाणे पुरुषांचेच पाय धुवायचे असत. २०१६ मध्ये नियमच बदलला.

आता एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे. नम्र व्हा, सेवा करा, हे येशूनं कोणाला सांगितलं? उजव्या-डाव्या जागा मागणाऱ्यांना. बसायला जागा असलेल्यांना. आपल्या देशात सेवा हा शब्द शतकानुशतकं जन्मावरून काहींच्या डोक्यावर लादला गेला, आणि घराघरांत बायकांच्या. ज्यांना कधी पंगतीत बसूच दिलं नाही त्यांना वाढायचं महत्त्व सांगणं हा येशूच्या शिकवणीचा अर्थ नव्हे. तो तिचा विपर्यास आहे. भारतातली चर्चंही यातून सुटलेली नाहीत. काही ठिकाणी दलित ख्रिस्ती माणसांना वेगळी बाकं, वेगळं कब्रस्तान मिळालं आणि वर सहनशीलतेचे उपदेशही. आमच्या शहराला २०१७ ते २०२३ सलग सात वेळा देशातल्या सर्वांत स्वच्छ शहराचा मान मिळाला, त्याचा मला अभिमान आहे. पण पहाटे रस्ता झाडणारी बाई ते काम सोडून दुसरं काही करू शकते का, हा प्रश्न विचारल्याशिवाय तिच्या सेवेचं कौतुक करणं मला जमत नाही. येशू स्वतः उठला होता. उठणाऱ्याला आधी जागा असावी लागते.

नम्रता म्हणजे मान खाली घालून गप्प राहणं नव्हे, हे मला शिकवलं ते इंदूरपासून फार लांब नसलेल्या उदयनगरनं. देवास जिल्ह्यातल्या या गावी १९९२ मध्ये सिस्टर राणी मारिया आल्या. मूळच्या केरळच्या, फ्रान्सिसच्याच वाटेनं जाणाऱ्या संघातल्या. आदिवासी शेतकरी सावकारांच्या कर्जात अडकलेले होते. सिस्टरांनी लोकांना बचत करायला, एकत्र यायला, सरकारी योजनांचा हक्क मागायला शिकवलं. आपल्यासाठी त्यांनी काही मागितलं नाही, पण दुसऱ्यांच्या हक्कापुढे त्या दबल्याही नाहीत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये एका भाडोत्री मारेकऱ्यानं चाकूनं वार करून त्यांचा जीव घेतला. त्या एक्केचाळीस वर्षांच्या होत्या. त्यांची धाकटी बहीण, तीही सिस्टर, पुढे तुरुंगात जाऊन त्या मारेकऱ्याला भेटली आणि तिनं त्याला राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच राणी मारिया यांना 'धन्य' म्हणून, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित केलं गेलं. राखीची ती गोष्ट ऐकली की मला यहूदाचे धुतलेले पाय आठवतात.

राहिला पेत्र. माझ्या वडिलांना एका वर्षी पाय धुवायच्या बारा जणांत बसायला सांगितलं, तेव्हा त्यांनी थेट नकार दिला. "फादरांनी माझ्या पायाला हात लावायचा? मला नाही चालणार." आयुष्यभर दुसऱ्यांसाठी धावलेला माणूस, घरी आलेल्याला पाण्याशिवाय जाऊ दिलं नाही, पण स्वतःला ताप आला तर औषध आणायलाही कोणाला सांगितलं नाही. आई म्हणाली, "पेत्रही असंच म्हणाला होता." ते काही बोलले नाहीत. गुरुवारी दुपारी मी पाहिलं तर न्हाणीघरात दगडानं टाचा घासत बसले होते. टाचांच्या भेगा इतक्या जुन्या होत्या की घासून जाणाऱ्या नव्हत्या. संध्याकाळी चर्चमध्ये त्यांची पाळी आली. फादर गुडघ्यांवर बसले, तांब्यातून पाणी घातलं, पाय हातात धरून पुसला. वडिलांनी पाय मागे घेतला नाही. दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून ते बसून राहिले, आणि रुमालाची घडी झाल्यावरही ओला पाय त्यांनी बराच वेळ जमिनीवर टेकवला नाही.